सहावा प्रश्न

मंगळवारी सकाळी साडेनऊला मैत्रने मला लाल ठरवलं. आणि गुरुवारी चार वाजता मला एका मुलीला एक प्रश्न विचारायचा होता. मधे जेमतेम दोन दिवस.

आधी जागा सांगते. दिल्लीत मयूर विहारमध्ये एका दातांच्या दवाखान्याच्या वर आमच्या संस्थेच्या दोन खोल्या आहेत. पाच टेबलं, पाच हेडफोन. ज्यांना कुणाशी बोलता येत नाही ती माणसं आम्हाला फोन करतात. त्यांचा नंबर आम्हाला दिसत नाही, नाव ती सांगतील ते. मी तीन वर्षं तिथे बसते. द्वारकेहून मेट्रोने येते, एकच लाइन आहे, बदलावी लागत नाही. मराठी बोलणारी तिथे मी एकटीच.

त्या मुलीने पहिल्या दिवशी विचारलं होतं, "तुम्ही मराठी आहात ना? मग झालं. मला मराठीत रडायचंय, बस." नाव विचारलं तर म्हणाली, "मुनिरका लिहा." मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहून ती कसलंसं संशोधन करत होती, घर परभणीकडचं, एवढंच कळलं. तिची खोलीतली जोडीदारीण गुरुवारी चार ते पाच क्लासला जायची. तेवढाच तिचा एकांत. म्हणून दर गुरुवारी चारला फोन. सात गुरुवार झाले होते.

सातव्या गुरुवारी ती हलक्या आवाजात, जवळजवळ आनंदाने म्हणाली, "काकू, आज मी कुकर देऊन टाकला शेजारच्या दीदीला. पुस्तकंही वाटली. खोली कशी मोकळी झाली."

या कामात शिकवलेलं असतं, माणूस असं सामान वाटायला लागला की त्याला सरळ विचारायचं. आडून नाही. मी तोंड उघडलं तेवढ्यात तिकडे दार वाजलं. "ती आली, ठेवते, पुढच्या गुरुवारी," म्हणून तिने फोन ठेवला. मी "मी असेन" म्हणाले, ते तिने ऐकलं असावं. प्रश्न माझ्या तोंडातच राहिला. परत फोन करायला नंबर नव्हता. कॉम्प्युटरवर नोट लिहिली, रुचिराला सांगितलं, आणि गुरुवारची वाट पाहू लागले.

रुचिरा आमची प्रमुख. पुण्याची, बत्तीस वर्षांची, बोलायला चटपटीत, मनाने चांगली. मैत्र तिनेच आणलं. मैत्र म्हणजे बोलणारं यंत्र. आमच्या फोनच्या लाइन भरलेल्या असल्या, किंवा कुणी हजर नसलं, की फोन ते घेतं. हिंदी, इंग्रजी आणि आता मराठीही. त्याला वाईट म्हणणार नाही मी. पहाटे तीनला कुणी एकटं असेल आणि आमच्यातलं कुणी नसेल, तर कुणीतरी 'हं' म्हणालेलं बरंच. या महिन्यापासून त्याला आणखी एक काम दिलं होतं. आमच्यावर लक्ष ठेवायचं. दिवसभर दुसऱ्यांचं दुःख ऐकणारी माणसं स्वतः खचत तर नाहीत ना, म्हणून रोज कामाला बसण्याआधी मैत्र आठ प्रश्न विचारणार. हिरवं आलं तर बसा. लाल आलं तर घरी जा.

रुचिराने ते आठवडाभर आधी स्वतः भरून पाहिले होते; आमच्यासमोर ते मंगळवारी पहिल्यांदा आले. आणि सोमवारी पौर्णिमा होती.

पौर्णिमेला मी उपोसथ करते, म्हणजे अष्टशील पाळते. लग्न झाल्यापासून पाळते, चौतीस वर्षं. दुपारी बारानंतर अन्न नाही. गाणं-बजावणं, टीव्ही नाही. दागिना, अत्तर नाही. पलंगावर झोपायचं नाही. दुपारपर्यंतचं मौन माझं मीच वाढवलेलं. आता बघा.

काल दोन्ही वेळा जेवलात का? नाही, उपोसथ होता.

नेहमीच्या जागी झोपलात का? नाही, फरशीवर चटई टाकून.

गाणी, टीव्ही अशा करमणुकीत मन रमलं का? नाही.

स्वतःच्या दिसण्याकडे लक्ष दिलंत का? नाही.

घरच्यांशी, मित्रमैत्रिणींशी बोलणं झालं का? दुपारपर्यंत कुणाशीच नाही.

मग सहावा. मृत्यूचा विचार मनात आला का?

हे तर रोजचंच. पंचशील म्हणून झालं की पाच मिनिटं मी मरणाचं स्मरण करते. हे शरीर जाणार आहे, कधी ते ठाऊक नाही, तर आजचा दिवस नीट घालवावा. एवढंच. मी 'हो' केलं. किती वेळा? 'रोज.' तो आपोआप येतो की तुम्ही आणता? असं काही त्याने विचारलं नाही. सातवा प्रश्न आलाच नाही. पडदा लाल झाला आणि त्यावर अक्षरं आली, 'दीपमाला, तुम्ही एकट्या नाही.'

मी एकटी नव्हतेच. मागे रुचिरा उभी होती.

"ताई! हे काय केलंत?"

"खरं लिहिलं."

"अहो, पण असं कुणी लिहितं का? मी रोज साडेसात तास झोपते असं लिहिते. झोपते का मी?" ती खुर्ची ओढून बसली. "चलो, कोई बात नहीं. उद्या परत भरा. जेवले, झोपले, गाणी ऐकली, विचार नाही. हिरवं."

"उद्या कालचं विचारेल. मंगळवारी मी जेवणार आहे, पलंगावर झोपणार आहे, ते खरंच लिहीन. पण सहावा?"

"सहाव्याला नाही म्हणायचं."

"येतो ना पण विचार."

"ताई," तिने आवाज खाली आणला, जणू मैत्र ऐकत होतं. ऐकतही असेल. "ते मशीन आहे. मशीनशी खोटं बोललं तर पाप लागतं का?"

प्रश्न चांगला होता. "चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे, रुचिरा. त्यात 'माणसाशी' असा शब्द नाही. ऐकणारं कोण आहे यावर ते नसतंच. बोलणारीवर असतं."

"बिल्कुल हट्टी आहात." तिने कपाळावर हात मारला. "आणि एकदा लाल झालं की तसंही नुसतं हिरवं भरून चालत नाही म्हणा. पॅनेलवरच्या डॉक्टरांची सही लागते. शनिवारची वेळ मिळतेय."

"गुरुवारी चारला मुनिरका आहे."

"मला माहितीये. नोट वाचलीय मी. मैत्र घेईल ना फोन. त्याला नोट दिलीय. खूप छान मराठी बोलतं आता."

"ती नुसत्या छान मराठीकरता नाही करत फोन."

मी पर्स उचलली.

द्वारकेला पोचते तोवर मैत्रने माझ्या मुलाला मेल केला होता. संकटात कळवायचं नाव म्हणून कधीतरी मीच तो दिला होता. संध्याकाळी सिद्धांत गुरुग्रामहून ऑफिसच्या कपड्यांतच आला. हातात खिचडीचा डबा, ग्लुकोजची बिस्किटं आणि तीन नारळपाणी.

"आई, तू जेवत का नाहीस?"

"अरे, काल पौर्णिमा होती. बारानंतर मी कधी जेवले आहे?"

"ते माहितीये गं."

"आणि फरशीवर झोपते तेही माहीत आहे. लहानपणी तूच माझ्या चटईवर येऊन झोपायचास."

"हो गं. पण यात धोका पंच्याऐंशी टक्के लिहिलाय!" त्याने फोन माझ्यापुढे धरला. "पंच्याऐंशी म्हणजे काही छोटा आकडा आहे का? मी हायवेवर पूर्ण रस्ता..." सव्वीस-सत्तावीस वर्षं मला बघत आलेला मुलगा, एका आकड्याने त्याला माझी ओळख विसरायला लावली. हसूही आलं, वाईटही वाटलं. मी त्याच्यासमोर बसून खिचडी खाल्ली. त्याने शेवटचा घास बघितला तेव्हा त्याचे खांदे सैल पडले.

"आई, खरंच काही नाही ना?"

"खरंच नाही."

"मग मशीनला नाही लिहून टाक ना. किस्सा खतम."

"तू पण?"

तो हसला. "बाबा असते तर म्हणाले असते, हिला सांगून उपयोग नाही. भिंतीला सांग."

वाल्मीक असंच म्हणायचे. चार वर्षं झाली त्यांना जाऊन.

बुधवारी सकाळी पंचशील म्हटलं, पाच मिनिटं स्मरण केलं, आणि नोएडाला डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन बसले. बाहेरच्या मुलीने पडद्यावर पाहिलं.

"आंटी, आपका तो शनिवार का है."

"मालूम है बेटा. मैं बैठूँगी. बीच में पाँच मिनट मिल जाएँ तो."

"डॉक्टर मॅडम आज आएँगी ही नहीं. कॉन्फरन्स है."

"कल?"

"कल फुल है."

"तो कल बैठूँगी."

गुरुवारी दहाला तिने मला पाहिलं आणि नुसती मान हलवली. अकरा झाले, बारा झाले. एकामागून एक माणसं आत गेली, बाहेर आली. मी डोळे मिटून श्वासाकडे पाहत होते. पण खरं सांगायचं तर अर्धं लक्ष घड्याळात होतं. एकदा वाटलं, उठावं, बाहेर जावं, फोनवरून सहाव्याला 'नाही' दाबावं आणि म्हणावं, सही करा. तिथपर्यंत मन गेलं. मी उठले नाही. सव्वाला ती मुलगी पाणी घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "आंटी, मैंने बोल दिया है. लंच में बुलाएँगी."

पावणेदोनला आत गेले. डॉक्टर विनया चाळिशीच्या असतील. मराठी, पण वाढलेल्या दिल्लीतल्या. समोर अर्धवट उघडलेला डबा होता.

"बसा ना. मी खात खात बोलले तर चालेल? सॉरी हं." त्यांनी पडद्यावरचं वाचलं. "बाप रे. हे उपोसथ म्हणजे फास्ट?"

मी सांगितलं. त्या मान हलवत गेल्या. एकेका उत्तरापुढे पेनाने टिचकी मारत. पाच झाली.

"ठीक. हे पाच मी समजले. आता सहा. हा मरणाचा विचार, तो झाल्यावर तुम्ही काय करता?"

"झाल्यावर?"

"हो. पाच मिनिटं झाली. मग?"

"मग उठते. कणीक मळते. पालेभाजी असेल तर निवडते. साडेसातची मेट्रो असते."

त्या हसल्या. पेन सहीच्या जागेवर नेलं. मी घड्याळ पाहिलं, दोन वाजले होते, पोचू. आणि मग त्यांनी मान वर केली. "एक राहिलं. मैत्र फक्त कालचं विचारतो. मी आख्ख्या आयुष्याचं विचारते. कधी खरंच वाटलं होतं? मरून जावं असं?"

हो म्हटलं तर सही थांबू शकते हे मला कळत होतं. फोनवर बसणाऱ्यांच्या नियमात तसं लिहिलेलं आहे. नाही म्हटलं तर मी चारला टेबलावर. आणि मला तिकडे जायचं होतं ते एका मुलीकडून याच प्रश्नाचं खरं उत्तर मागायला.

"हो," मी म्हणाले. "माझे मिस्टर गेले तेव्हा. दोन महिने वाटायचं."

त्यांनी डबा बाजूला सारला. "कुणाला सांगितलं होतं?"

"कुणी विचारलं नाही. घर माणसांनी भरलेलं होतं. सगळे म्हणायचे, धीर धरा. मुलगा म्हणायचा, आई, चहा घे. विहारात भीमाबाई म्हणून एक आहेत, चौथीपर्यंत शिकलेल्या. आम्ही भोजनदानाची भाजी निवडत होतो. मेथी होती. मान वर न करता त्यांनी विचारलं, मरावंसं वाटतं का गं तुला? मी हो म्हणाले."

"मग?"

"मग म्हणाल्या, बरं झालं सांगितलंस. एवढी मेथी होऊ दे, आणि माझ्या घरी राहायला चल. पंधरा दिवस राहिले. त्यांनीच सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडे नेलं. सहा महिने गोळ्या घेतल्या. त्यानंतर मी हे काम शिकले. मॅडम, मला कुणी उपदेश केला म्हणून मी उठले नाही. मला विचारलं म्हणून उठले. आज चारला एका मुलीला तेच विचारायचं आहे. ती सामान वाटते आहे."

डॉक्टरांनी पडद्यावर खाली-वर पाहिलं. "इथे तीनच ऑप्शन आहेत. गोळ्या सुरू, आराम, किंवा लक्षणं नाहीत. तुमचं यातलं एकही नाही." त्यांनी चिठ्ठ्यांची वही ओढली आणि पेनाने लिहायला लागल्या. "महिन्यातून एकदा माझ्याकडे यायचं. तुम्ही बऱ्या आहात म्हणूनच यायचं. येणार?"

"येईन म्हटलं की येते मी."

"ते कळलं मला, दोन दिवस बाहेर बसलात." त्यांनी चिठ्ठी फाडून दिली. "पण सिस्टिममध्ये हिरवं व्हायला चोवीस तास लागतात. माझ्या हातात नाही ते. रुचिराला मी फोन करते."

तीन पस्तीसला मी जिना चढले. रुचिरा दारातच होती, फोन कानाला. तिने तो ठेवला.

"ताई, मॅडमशी बोलले. सही आहे, पण तुमचं नाव अजून लाल आहे. लॉगिन होणार नाही." तिने हेडफोन माझ्या हातात दिला. "माझ्या नावाने करते. तुम्ही बसा. कुणाला कळणार नाही."

मी हेडफोन धरून उभी राहिले. कुणाला कळणार नाही, हे खरं होतं. घड्याळात पावणेचार.

"तुझ्या नावावर मी बोलले तर तिथे रुचिरा बोलली असं लिहिलं जाईल."

"ताई, प्लीज! आत्ता? आत्ता हे शील?"

"मी बोलणारच आहे. चारला मीच बोलणार, ते ठरलंय. फक्त खरं लिहू. आपलं जुनं रजिस्टर आहे ना? त्यात लिही. दीपमाला, पडद्यावर लाल, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे, तरी फोन घेते आहे. खाली मी सही करते. उद्या कुणी विचारलं तर उत्तर मी देईन."

तिने कपाटातून रजिस्टर काढलं, धूळ फुंकली, आणि उभ्यानेच लिहिलं. शेवटी तिने स्वतःची एक ओळ घातली, 'मराठी लाइन मी मैत्रवरून काढून हाताने जोडली आहे. जबाबदारी माझी. रुचिरा.' माझ्या सहीच्या वर तिची सही.

"मरवाओगी आप मुझे," ती पुटपुटली आणि वायर जोडायला टेबलाखाली वाकली.

चार वाजले. चार वाजून दोन. चार मिनिटांनी दिवा लागला.

"हॅलो... काकू?"

"बोल. मी आहे."

"मला वाटलं तुम्ही सोडून गेलात. काल मी मधेच फोन केला होता, जिन्यात उभी राहून. मैत्रने घेतला."

"काय म्हणाला?"

"गोड बोलतो हो. अगदी गोड. त्याने विचारलं, मृत्यूचे विचार येतात का. मी म्हटलं नाही. मग म्हणाला, ऐकून बरं वाटलं."

"नाही का म्हणालीस?"

"हो म्हटलं तर फोन कंपनीकडून माहिती काढून घरी मेल जातो. तुमच्या वेबसाइटवर खाली बारीक अक्षरात लिहिलंय, मी सगळं वाचते. बाबा परभणीहून तिकीट नसताना गाडीत बसले असते. आणि मग डिपार्टमेंट, गाइड, सगळीकडे..." ती थांबली. "तुम्ही लिहिता का कुठे?"

"तू बोललेलं मी रजिस्टरमध्ये लिहिते, मुनिरका या नावाने. तुझा जीव धोक्यात असेल तर तुझ्यासाठी मदत मागेन, हे आधीच सांगते. तुझ्याशी बोलून मागेन. तुझ्या पाठीमागे नाही."

"बरं."

"आता मी विचारू? गेल्या गुरुवारी राहिलं होतं."

"काय?"

माझा आवाज मुळात बारीक आहे. पण तो हलला नाही. "तुला मरावंसं वाटतं का गं?"

टेबलापलीकडे रुचिराने वर पाहिलं. फोनमध्ये मुनिरक्याच्या गल्लीतला भाजीवाला ओरडत गेला. पूर्ण गेला, त्याचा आवाज विरला, तेव्हा ती म्हणाली,

"हो."

आणि रडायला लागली. मराठीत रडायचंय म्हणाली होती, पण रडणं कुठल्याच भाषेतलं नव्हतं. मी थांबवलं नाही. मधूनमधून 'आहे मी' एवढंच म्हणत राहिले. मग एकेक विचारलं, सगळं सरळ. काही ठरवलं आहे का, कधी. तिने सांगितलं. ते इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. रुचिरासाठी मी कागदावर एक ओळ लिहिली. ती उठून शेजारच्या खोलीत डॉक्टर विनयांना फोन लावायला गेली.

"हा विचार आला की त्यानंतर तू काय करतेस?" मी विचारलं.

"काही नाही. बसते." नाक ओढल्याचा आवाज. "मग मोजते, गुरुवार किती दिवसांवर आहे."

माझे डोळे भरले. ते तिला दिसणार नव्हते, म्हणून पुसलेही नाहीत.

"शेजारची दीदी कशी आहे?"

"कौन, दीदी? चांगलीये. बिहारची आहे. खूप बोलते."

"आत्ता घरी असेल?"

"असेल. का?"

"तिचं दार वाजव. कुकर परत माग."

"काकू! दिलेली वस्तू कुणी परत मागतं का? काय म्हणेल ती?"

"विचारेल, का दिला होतास. तेव्हा मला सांगितलंस ते तिला सांग. सगळं नको, जेवढं जमेल तेवढं. मग मला तिच्याशी बोलायचं आहे. आज रात्री तू तिच्याजवळ झोप, आणि उद्या सकाळी तिला बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जायचं. बाई आहेत, मराठी येतं त्यांना, थोडं मोडकं. तुझं रडणं त्यांना समजेल."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"मग दुसरं दार. मी फोन ठेवत नाही आहे."

चपला सरकवल्याचा आवाज. कडी निघाली. बोळात मुलं खेळत होती. तीन-चार पावलं. ती थांबली.

"काकू, आहात ना?"

"आहे."

दार वाजलं. एकदा. मग पुन्हा, जरा जोरात. आतून भांडं आपटल्याचा आणि बाईचा आवाज आला, "आ रही हूँ भई, कौन है?" आणि दार उघडताच तो आवाज एकदम खाली आला, "अरे... क्या हुआ? रो क्यों रही है? अंदर आ. पहले अंदर आ."

"दीदी," मुनिरका म्हणाली, "वो कुकर..."

मी हेडफोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला आणि दीदी फोनवर यायची वाट पाहू लागले.